तारेत न ओवलेली कार्डं

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी मला जिन्यात थांबवून विचारलं, "सर, आमच्या गावच्या घरात माळ्यावर जुन्या पोस्टकार्डांचा गठ्ठा सापडलाय. त्यावरून घराण्याचा इतिहास लिहिता येईल का?" मी म्हटलं, येईल की, पण त्याआधी एक चूक ऐकून घ्या. चूक माझीच आहे, आणि ती छापलेली आहे. आजचं बोलणं त्या चुकीबद्दल.

आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ रोजी. किंमत पाव आणा. एवढ्या किमतीत निरोप जाऊ लागल्यावर, ज्यांच्याबद्दल कुठल्याही दप्तरात ओळ सापडत नाही अशी माणसं कागदावर आली. गिरणीतला साचेवाला, खानावळीत जेवणारा चाकरमानी, मनीऑर्डरची वाट बघणारं घर. स्थानिक इतिहासाला हे साधन फार मोलाचं आहे, यात वाद नाही.

नुसती पत्त्याची बाजू बघा. 'जि. दक्षिण सातारा' असं असेल तर कार्ड बहुधा १९४९ ते १९६० मधलं. पुढे त्याचा सांगली जिल्हा झाला. 'जि. कुलाबा' असेल तर १९८१ च्या आधीचं, अर्थात लिहिणाऱ्याने जुनी सवय सोडली असेल तर! पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. तारीख अशी लावता येते. पण तारीख लागली की अर्थही लागला असं आपण धरून चालतो, आणि तिथं गडबड होते.

माझ्या आजोबांची कार्डं घ्या. आजोबा मुंबईला गिरणीत, साचेखात्यात. त्यांचे मधले भाऊही तिथेच. थोरले रत्नागिरी जिल्ह्यात घर सांभाळून. मुंबईहून आलेली कार्डं थोरले आजोबा एका तारेत ओवून ठेवत. तुमच्यापैकी जुन्यांनी अशी तार पाहिली असेल, खाली वाकवलेली, भिंतीला टांगलेली. आमच्याकडे ती तार तशीच आली. साठेक कार्डं, प्रत्येकाच्या मधोमध भोक.

मजकूर सगळा मोडीत. मला तेव्हा मोडी येत नव्हती, शिक्के मात्र वाचता येत होते. मी शिक्क्यांवरून तारखांची यादी केली. १९१७ साली साधारण पंधरवड्याला एक कार्ड. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून विरळ, तेही समजण्यासारखं. पण सप्टेंबर १९१८ पासून पुढे जवळजवळ पाच महिने एकही कार्ड नाही. त्या सुमारास आमच्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताचं काम चालू होतं. मी टिपण दिलं. त्यात लिहिलं की या काळात आजोबांचं घराकडे दुर्लक्ष झालेलं दिसतं. 'दिसतं' हा शब्द घातला म्हणजे आपण शास्त्रीय झालो, असं मला तेव्हा वाटत होतं. ते छापून आलं.

निवृत्तीनंतर मी मोडी शिकलो आणि ती कार्डं पहिल्यांदा वाचली. फेब्रुवारी १९१९ च्या कार्डात, म्हणजे त्या खंडानंतरच्या पहिल्याच कार्डात, दुसरी ओळ अशी: मागील तीन कार्डांतून सर्व मजकूर कळविलाच आहे. तीन कार्डं! मग ती कुठे गेली? आत्याला विचारलं. तिने नव्वदी ओलांडली होती. ती म्हणाली, "प्राध्यापक झालास ना रे? असली कार्डं घरात कोण ठेवील? उंबऱ्याबाहेर वाचायची आणि तिथंच फाडायची."

तुम्हाला ही रीत आठवत असेल. मृत्यूची बातमी असलेल्या कार्डावर वर 'श्री' लिहीत नसत. कोपरा फाडलेला असे. पोस्टमनच्या हातात असतानाच ते ओळखू यायचं. बाहेर वाचायचं, फाडायचं, आंघोळ करायची. अनेक घरांत हा नेम होता. आणि १९१८ चा सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे मुंबईत इन्फ्लुएंझाच्या साथीचा सर्वांत भयंकर काळ. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं गेली. मधले भाऊ मुंबईत वारले एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. कधी, ते कुणी सांगत नव्हतं. आजोबा त्या महिन्यांत गप्प बसले नव्हते. घराला सांगता येतील तेवढी वाईट बातमी ते सांगत होते. आणि मी त्यांना बेजबाबदार ठरवलं.

आता याकडे तत्त्वज्ञानाच्या बाजूने बघू. जाक देरिदा यांचं १९८० चं एक पुस्तक आहे, त्याचं नावच 'ला कार्त पोस्ताल', पोस्टकार्ड. पत्र मुक्कामी न पोचण्याची शक्यता पत्र असण्यातच दडलेली असते, हा त्यातला गाजलेला मुद्दा. पत्र पोचतंच, असं लाकाँ म्हणत होते. त्यांच्याशी हा वाद आहे. पण आमच्या तारेपुढे दोघेही अपुरे पडतात. ही तीन कार्डं पोचली होती. ती वाचली गेली, समजली, आणि म्हणूनच नष्ट झाली. इतिहासातून ती गेली ती टपालखात्याच्या चुकीने नव्हे, वाचणाऱ्याच्या श्रद्धेने. म्हणजे वारशात आपल्याला मिळतो तो भूतकाळ घराने उंबऱ्याच्या आत येऊ दिलेला असतो. त्या उंबऱ्याचे नियम माहीत नसतील तर गठ्ठा कितीही मोठा असो, आपण चुकीचंच वाचणार.

देरिदांच्या त्याच पुस्तकातलं दुसरं सूत्र मात्र मला फार उपयोगी पडलं. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात त्यांना एक चित्रकार्ड दिसलं. तेराव्या शतकातल्या मॅथ्यू पॅरिसचं चित्र. सॉक्रेटिस बसून लिहितोय आणि मागे प्लेटो उभा राहून जणू सांगतोय. ज्याने स्वतः काही लिहून ठेवलं नाही, तोच लिहितोय! कार्ड नक्की कुणाचं, हा प्रश्न तिथून सुटत नाही, सुरू होतो.

आमचे आजोबा लिहीत नव्हते, त्यांना येत नव्हतं. खोलीतला कुणी जोडीदार लिहून देई. १९१७ पासूनची सगळी कार्डं एकाच वळणदार हाताची आहेत. फेब्रुवारी १९१९ च्या कार्डाचं अक्षर वेगळं आहे, कच्चं, ओळी उतरत गेलेल्या. त्या पहिल्या हाताचं काय झालं? गावी गेला, खोली बदलली, की साथीत गेला? कार्ड सांगत नाही. आता मी अंदाज छापत नाही.

कुलवृत्तान्त या प्रकारावर माझी टीका हीच आहे. त्यात माणसं नोंदीपुरती येतात आणि नोंद नसेल तिथं आपण स्वभाव लिहून मोकळे होतो. आमच्या कार्डांत बायका कुठे आहेत? 'घरी सर्वांस' या दोन शब्दांत. त्या दोन शब्दांत तेव्हा चार बायका राहत होत्या. त्यांनी काहीच कळवलं नाही, असं आपण म्हणणार का?

तर त्या बाई इथे असतील तर त्यांना सांगतो. गठ्ठ्याचा क्रम मोडू नका; मोडायचाच असेल तर आधी फोटो काढा. मोडी असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, शिक्क्यांवर समाधान मानू नका. प्रत्येक कार्डाला तीन प्रश्न विचारा: सांगितलं कुणी, लिहिलं कुणी, ठेवलं कुणी? आणि घरात कुणी नव्वदीचं असेल तर आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा, गठ्ठा नंतर उघडा. गठ्ठा वाट बघेल.

कुलवृत्तान्ताच्या माझ्या प्रतीत मी हाताने लिहिलेलं शुद्धिपत्र चिकटवलं आहे. बाकीच्या प्रती लोकांच्या कपाटात आहेत. तिथे आजोबा अजून बेजबाबदारच आहेत. म्हणून आज हे जाहीरपणे बोललो.