सेवेचे साहित्य आणि हक्काची भाषा

अपंगत्वाचा विषय मराठीत आला तो बहुधा चरित्राच्या वाटेने. या चरित्रांचा नायक सेवक असतो. ज्याची सेवा व्हावयाची, तो मागे हात जोडून उभा असतो. सेवकाचा त्याग वंदनीय आहे, याविषयी आमचे दुमत नाही. आमचा आक्षेप वाङ्मयीन आहे. या लेखनात रुग्णाला दुःख मिळते, मत मिळत नाही.

हा साचा अपुरा आहे, याचे प्रत्यंतर रायपूरच्या मराठी वाचकाला फार दूर शोधावे लागत नाही. येथून हावडा मार्गाने गेले की चांपा लागते. तेथे सोंठी गावाजवळ १९६२ साली भारतीय कुष्ठ निवारक संघ उभा राहिला. त्याचे संस्थापक सदाशिव गोविंद कात्रे हे रेल्वेतील नोकरदार. त्यांना स्वतःलाच कुष्ठरोग झालेला होता. पुढे ते काम दामोदर गणेश बापट यांनी वाढविले. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. कात्रे यांच्या कथेत रुग्ण आणि नायक एकच आहेत. अशा माणसाला करुणेचा विषय कसा करणार?

कायद्याने मात्र, सावकाश का होईना, आपली भाषा बदलली. १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरोग्यांना पकडून आश्रमात ठेवण्याची मुभा दिली होती. केंद्राने तो २०१६ मध्ये रद्द केला. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांत असलेला कुष्ठरोग २०१९ मध्ये वगळला गेला. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले, २०१६ च्या कायद्याने एकवीस. शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागा तीनवरून चार टक्के झाल्या. या दोन्ही कायद्यांत ‘कुष्ठरोगमुक्त व्यक्ती’ आहे. रोग बरा झाला तरी हातापायांची गेलेली संवेदना परत येतेच असे नाही. त्या उरलेल्या हानीची दखल हा शब्द घेतो, आणि रोगाला माणसापासून वेगळे करतो. रक्तपितीला पापाचे फळ ठरविणाऱ्या आपल्या जुन्या कथांना हे साधले नाही.

मराठीत अपवाद आहेत. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन त्यांपैकी एक. केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केलेल्या आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात अपंगांसाठी संस्था उभारणाऱ्या या लेखिकेने पुस्तकाच्या नावातच वस्तू ठेवली, व्यथा नव्हे. खुर्ची म्हटली की दाराची रुंदी, पायरी, उतार हे प्रश्न येतात. ते सुटतात ते दयेने नव्हे, बांधकामाच्या नकाशाने.

आमचे बहुतेक वाचक शासकीय सेवेत आहेत. टिपणी हेही गद्यच आहे, आणि त्याचा परिणाम कथेहून अधिक निश्चित असतो. अपंग अर्जदाराच्या कागदावर ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ असा शेरा लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. शेरा सज्जनपणाचा खरा. पण त्याने हक्काची मागणी उपकाराच्या रांगेत जाऊन बसते, आणि सहानुभूती नसलेल्या पुढच्या अधिकाऱ्याला ती नाकारण्याची मोकळीकही मिळते. तेथे नियमाचे कलम आणि निर्णयाची तारीख लिहिली, तर अर्जदाराला कोणाच्याही मनाच्या कोमलतेवर अवलंबून राहावे लागणार नाही. चरित्रकारांनी उद्या काय करावे हे त्यांचे ते ठरवतील. टिपणीची भाषा आपल्या हाती आहे.