हे वाक्य कोण कुणाला म्हणतंय?

गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. शेवटच्या व्हिडिओ कॉलवर साहेब म्हणाले, "जे आपल्या हातात नाही, त्याचा विचार करू नकोस." आदल्याच आठवड्यात दिंडोशी मेट्रो स्टेशनवर गाडीची वाट बघताना मी हेच वाक्य एका रीलमध्ये ऐकलं होतं. मागे मार्कस ऑरेलियसचा संगमरवरी चेहरा. आवडलं म्हणून सेव्हही केलं होतं. साहेबांच्या तोंडून तेच वाक्य डोक्यात गेलं.

मग रील सोडून पुस्तकं उघडली. आपल्या हातात काय आणि काय नाही, ही विभागणी एपिक्टेटसच्या शिकवणुकीच्या छोट्या पुस्तिकेत अगदी सुरुवातीला येते. एपिक्टेटस जन्माने गुलाम. गुलामाने हे स्वतःला सांगणं वेगळं आणि मालकाने गुलामाला सांगणं वेगळं. मार्कस तर रोमचा सम्राट, पण 'मेडिटेशन्स' त्याने लोकांसाठी लिहिलं नव्हतं. त्यातला 'तू' म्हणजे तो स्वतः. सकाळी अंथरुणातून उठायचा कंटाळा येतो म्हणून हा सम्राट स्वतःलाच झापतो. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

आपल्याकडचा असा 'तू' मनाच्या श्लोकांत आहे. रामदासांचे २०५ श्लोक, भुजंगप्रयात वृत्त, आणि बोलणं थेट मनाशी. एकदा कळून भागत नाही, रोज घोकावं लागतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पिएर आदो हे फ्रेंच अभ्यासक ग्रीक-रोमन तत्त्वज्ञानाकडे सराव म्हणून, जगण्याची रीत म्हणून बघतात, ते याचसाठी. पुढे मात्र वाटा फुटतात. मार्कसची भिस्त विवेकावर, रामदास मन रामाच्या हवाली करतात. माझी रामावर फारशी श्रद्धा नाही. तरी सूर मला रामदासांचाच मानवतो, कारण ते मनाला दटावतात तसं चुचकारतातही. मार्कस त्यामानाने कोरडा.

पण रीलवाल्यांनी मार्कसवरही अन्याय केलाय. माणसं हातापायांसारखी एकमेकांच्या साथीने काम करायला जन्मलीत, हे तो पुन्हापुन्हा लिहितो. रीलमध्ये तेवढंच कापलेलं असतं. उरतं ते एकट्याने सोसायचं चिलखत, आणि कंपन्यांना ते फार सोयीचं पडतं. माझा थकलेला पगार मिळणं माझ्या हातात नव्हतं. मागणं होतं. एपिक्टेटस नीट वाचल्यावर मी तीन मेल पाठवले. दोन महिन्यांनी पैसे आले.

रामदासांचे श्लोक या दुरुपयोगातून सुटलेत, असंही नाही. दिंडोशीच्या आमच्या दोन खोल्यांत आजी रोज दिवेलागणीला ते म्हणायची. आईशी वाजलेलं असलं की आवाज हमखास चढायचा, आणि क्रोधाचा श्लोक बरोबर स्वयंपाकघराच्या दिशेने जायचा. आईने एकदा विचारलंच, "हे मला का ऐकवताय?"

आजी म्हणाली, "तुला कुठे? मी माझ्या मनाला सांगतेय."