डहाणू बंदर : नोंद आणि मौन
१८८२ सालच्या ठाणे गॅझेटियरात बंदरांचा व्यापार आयात-निर्यातीच्या आकड्यांनी मांडला आहे. वारल्यांचे वर्णन मात्र लोकसंख्येच्या प्रकरणात वेगळे येते. ही विभागणी केवळ सोयीची नव्हे. तीमुळे किनाऱ्यावरून जाणारे लाकूड आणि ते तोडणारे हात यांचा संबंधच तुटतो. जकातनाक्यावर मालाची नोंद होई, वेठीची नव्हे. वेठीची ती हकीकत गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात आढळते. १९४५ च्या वारली लढ्याच्या त्या स्वतः नेत्या असल्याने त्यांचे कथन पक्षपाती ठरवता येईल. परंतु महसुलासाठी केलेली नोंदही तटस्थ नसते. २०२४ साली वाढवण बंदराची पायाभरणी झाली असता हे दोन्ही ग्रंथ एकत्र वाचणे अगत्याचे आहे.