किल्ल्या लेखकाच्या कमरेला

१५ सप्टेंबर १९७१ रोजी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर ‘कोलंबो’ मालिकेतला ‘मर्डर बाय द बुक’ हा भाग लागला. रहस्यकथा लिहिणाऱ्या एका जोडगोळीची ती गोष्ट. दोघांपैकी एक जण खरोखर लिहितो. दुसरा मुलाखती देतो, पार्ट्यांना जातो, पैशांचं बघतो, आणि पुस्तकावर नाव मात्र दोघांचं. लिहिणारा वेगळं व्हायचं म्हणतो तेव्हा न लिहिणारा त्याचा काटा काढतो. या भागाचा विषय आजही निघतो तो दिग्दर्शकामुळे, कारण दिग्दर्शक होता चोवीस वर्षांचा स्टीव्हन स्पीलबर्ग. पटकथा होती सत्तावीस वर्षांच्या स्टीव्हन बॉचकोची. दोघांतला सिनेमावाला जगभर पोचला. टीव्हीवाल्याचं नाव आपल्याकडच्या मालिकांच्या शौकिनांनाही सहसा ठाऊक नसतं. वेब सिरीजच्या चर्चेत हल्ली ‘शोरनर’चा, म्हणजे मालिकेची सगळी सूत्रं हाती असलेल्या लेखक-निर्मात्याचा, फार उदोउदो होतो, पण त्या माणसाच्या हाती आज जे अधिकार आहेत ते भांडून मिळवणाऱ्यांत बॉचको अगदी पुढे होता.

बॉचको न्यूयॉर्कचा. वडील व्हायोलिनवादक, आई चित्रकार. (पुढे त्याच्या स्वतःच्या कंपनीच्या बोधचिन्हात व्हायोलिन वाजवणारा माणूस दिसायचा, ते चित्र वडिलांचं.) पिट्सबर्गच्या कार्नेगी टेकमधून नाट्यलेखन शिकून १९६६ मध्ये तो युनिव्हर्सल स्टुडिओत लागला. तिथली तऱ्हा कारखान्याची होती. लेखकाने पटकथा द्यायची आणि घरी जायचं. मग नट, दिग्दर्शक, वाहिनीचे अधिकारी असे सगळे आपापली कात्री चालवणार. बॉचकोने जवळपास बारा वर्षं हा कारखाना आतून पाहिला. त्या काळात त्याच्या नावावर महान म्हणावं असं फारसं काही नाही. तो काय शिकला असेल तर हे, की पान कितीही चांगलं लिहिलं तरी नटाची निवड, संकलन आणि पैसा दुसऱ्याच्या हातात असेल तर ते पान पडद्यावर पोचेलच याची खात्री नाही. जुन्या घरांत ज्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तिचं घर. टीव्हीतही तोच न्याय चालतो.

किल्ल्या मिळाल्या त्या एमटीएममध्ये. अभिनेत्री मेरी टायलर मूर आणि तिचा तेव्हाचा नवरा ग्रँट टिंकर यांनी १९६९ मध्ये ही कंपनी काढली होती. टिंकरचं धोरण सोपं होतं: चांगले लेखक घ्यायचे, त्यांनाच निर्माते करायचं आणि वाहिनीच्या माणसांना त्यांच्या दारापाशी अडवायचं. १९८० च्या सुमारास एनबीसी तीन बड्या वाहिन्यांत तिसऱ्या क्रमांकावर रखडत होती. तिचा प्रमुख फ्रेड सिल्व्हरमन याला पोलिसांची मालिका हवी होती. बॉचको आणि त्याचा जोडीदार मायकल कोझोल यांना पोलिसी मालिकांचा वीट आला होता. त्यांनी अट घातली, की लुडबूड करायची नाही. बुडत्या एनबीसीने ती मान्य केली. ती किती पाळली हा भाग वेगळा.

१५ जानेवारी १९८१ ला सुरू झालेली ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ आज बघायला घेतली तर ती तेव्हा प्रेक्षकांना इतकी अवघड का वाटली हे चटकन कळत नाही, कारण तिची प्रत्येक युक्ती नंतर सगळ्यांनी उचलली आहे. नाव नसलेलं एक मोठं शहर, त्यातलं मोडकळीला आलेलं पोलीस ठाणं. सकाळची हजेरी, तिथे सार्जंटचं कामवाटप, आणि मग रात्रीपर्यंतचा एक दिवस. डझनभराहून जास्त मुख्य पात्रं. चार-पाच धागे एकाच वेळी सुटलेले, त्यातले काही भाग संपला तरी लोंबकळत राहणारे. कॅमेरा हातात धरलेला. एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याचं बोलणं, मागे फोन, कुणाची तरी शिवीगाळ. हे रूप आलं ‘द पोलिस टेप्स’ या १९७७ च्या माहितीपटावरून. तो साउथ ब्राँक्समधल्या एका ठाण्यात चित्रित झाला होता. पहिल्याच भागात हिल आणि रेन्को हे दोन गस्तीचे पोलीस एका ओसाड इमारतीत शिरतात आणि त्यांना गोळ्या घातल्या जातात. मूळ बेत रेन्कोला मारायचा होता, नंतर त्याला जगवलं. पण प्रेक्षकाच्या मनात शंका बसायची ती बसलीच: या मालिकेत कुणाला काहीही होऊ शकतं.

लोंबकळणाऱ्या गोष्टी अमेरिकेला नव्या नव्हत्या. दुपारचे सोप ऑपेरा वर्षानुवर्षं त्यावरच जगत होते, आणि रात्रीच्या वेळेत ‘डॅलस’ १९७८ पासून तेच करत होती. बॉचको-कोझोल यांनी सोपचं हे तंत्र पोलीस ठाण्यात आणलं, आणि आणताना त्यातलं फुगवलेलं रडणं गाळून टाकलं. सोपमध्ये घटना पुढे ढकलली जाते. इथे घटना घडून जाते आणि तिचं ओझं माणसं पुढचे कित्येक भाग वाहतात. हिल आणि रेन्को कामावर परततात, पण एकमेकांकडे पूर्वीसारखे बघू शकत नाहीत. एका काळ्या आणि एका गोऱ्या पोलिसाच्या मैत्रीत आलेला तो ताण मालिकेने घाईने मिटवला नाही.

प्रेक्षकसंख्या तळाशी होती. एनबीसीने तरीही दुसरं पर्व दिलं. अट इतकीच, की प्रत्येक भागात एक तरी धागा पूर्ण झाला पाहिजे. ही अट वाहिनीची असूनही शहाणपणाची होती हे मान्य केलं पाहिजे. त्या सप्टेंबरात मालिकेला २१ एमी नामांकनं आणि ८ पुरस्कार मिळाले, आणि उत्तम नाट्यमालिकेचा पुरस्कार तिने सलग चार वर्षं घेतला. वाहिन्यांना एक नवा हिशेब कळला: प्रेक्षक थोडे असले तरी ते शहरी, कमावते असतील तर जाहिरातदार जास्त पैसे मोजतात. दर्जेदार टीव्ही म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्याच्या मुळाशी हा हिशेबही आहे.

बॉचको एकटा क्वचितच लिहायचा. कोझोल, मग टेरी लुईस फिशर, डेव्हिड केली, डेव्हिड मिल्च अशी जोडीदारांची रांगच आहे. त्यामुळे त्याच्याबद्दल एक कुजबुज कायम राहिली, की चांगली वाक्यं इतरांची आणि नाव याचं. ‘मर्डर बाय द बुक’ आठवलं की ही कुजबुज चांगलीच बोचरी होते. पण ती अन्यायाची आहे. येलमध्ये शिकवणारा मिल्च टीव्हीत आला तो ‘हिल स्ट्रीट’मुळे, १९८२ मध्ये तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग त्याने लिहिला. पुढे ‘डेडवुड’ त्याचीच. ‘ट्विन पीक्स’ घडवणारा मार्क फ्रॉस्ट, ‘मायामी व्हाइस’वाला अँथनी येर्कोविच, ‘लॉ अँड ऑर्डर’चा डिक वुल्फ हे सगळे ‘हिल स्ट्रीट’च्याच लेखकांच्या खोलीतून बाहेर पडले. ‘एल. ए. लॉ’साठी बॉचकोला खरे वकील हवे होते. त्याने बोस्टनमध्ये वकिली करणाऱ्या केलीला उचललं. केलीने नंतर ‘अ‍ॅली मॅकबील’ आणि ‘द प्रॅक्टिस’ दिल्या. कुणात लेखक दडला आहे हे ओळखणं आणि त्याच्या पानाला वाहिनीपासून वाचवणं, हीही लेखनाइतकीच दुर्मिळ कला आहे. बॉचकोचं खरं काम तिथे आहे.

अर्थात किल्ल्या हाती आल्या की माणूस घरच्यांनाही बोलावतो. बायको बार्बरा बॉसन ‘हिल स्ट्रीट’मध्ये, बहीण आणि मेहुणा ‘एल. ए. लॉ’मध्ये. बरं, काम तिघांनीही चांगलं केलं.

१९८५ मध्ये एमटीएमने त्याला काढून टाकलं. टिंकर एव्हाना एनबीसी चालवायला गेला होता आणि नव्या व्यवस्थापनाला खर्च डोळ्यांत खुपत होता. पुढच्याच वर्षी ‘एल. ए. लॉ’ आली आणि चालली. १९८७ मध्ये सीबीएसने मनोरंजन विभागाचं प्रमुखपद देऊ केलं, ते नाकारून त्याने एबीसीशी तब्बल दहा मालिकांचा करार केला.

त्या करारातूनच आली ‘कॉप रॉक’, १९९० ची संगीत पोलीस-मालिका. आरोपी गातात, पोलीस गातात, ज्युरी तर निकालच गाऊन सांगते. अकरा भागांत गाशा गुंडाळला, आणि सगळ्यात वाईट मालिकांच्या याद्यांत ती आजही हटकून सापडते. संगीत नाटकांवर आणि हिंदी सिनेमावर वाढलेल्या प्रेक्षकाला मात्र पात्रं गातात यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. तिची अडचण वेगळी आहे. पोलिसांचे प्रसंग ‘हिल स्ट्रीट’च्या रोखठोक शैलीत आहेत आणि गाणी बाहेरून येऊन बसल्यासारखी. गाण्यात शिरायची वाट कुणी बांधलीच नाही.

‘एनवायपीडी ब्लू’ ही त्याची दुसरी मोठी मालिका, मिल्चबरोबरची. केबलमुळे प्रेक्षक निसटत होते आणि बॉचकोचं म्हणणं होतं, की मोठ्यांसाठीची गोष्ट मोठ्यांच्या भाषेत सांगू द्या. एबीसीच्या मनोरंजन विभागाचा तेव्हाचा प्रमुख बॉब आयगर (पुढे डिझ्नीचा सर्वेसर्वा) आणि बॉचको यांनी किती अंग दिसलं तर चालेल याची घासाघीस चक्क कागदावर उघडी शरीरं रेखाटून केली. २१ सप्टेंबर १९९३ ला मालिका सुरू झाली तेव्हा एबीसीच्या सव्वादोनशेच्या आसपास संलग्न केंद्रांपैकी ५७ केंद्रांनी पहिला भाग दाखवलाच नाही. बहिष्काराच्या आवाहनांनी उलट जाहिरातच झाली. मालिका २००५ पर्यंत चालली, २६१ भाग.

आज त्या उघड्या पाठींचं कुणाला काही वाटत नाही. टिकला आहे तो अँडी सिपोविट्झ. टक्कल, पोट, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, दारूचं व्यसन, ओठांवर वंशद्वेष. डेनिस फ्रान्झने त्याला बारा वर्षं जगवलं आणि त्यासाठी चार एमी घेतले. नायक म्हणून आणलेला डेव्हिड करूसो दुसऱ्या पर्वात निघून गेला, आणि मालिका आपसूक या जाड्या, चिडक्या माणसाची झाली. तो बदलतो, पण मुंगीच्या पावलाने, आणि बदलल्यावरही पुन्हा घसरतो. टीव्हीवर एखाद्या स्वभावाला इतका वेळ मिळणं ही सिनेमाला न परवडणारी गोष्ट आहे.

इथेच बॉचकोची मर्यादाही आहे. सिपोविट्झ चौकशीच्या खोलीत संशयिताला बुकलतो आणि कॅमेरा त्याच्या बाजूने असतो. वकील मागणारा आरोपी हा कथेतला अडथळा ठरतो. वंशद्वेष हा एका माणसाच्या मनाचा आजार म्हणून येतो, खात्याची रीत म्हणून जवळपास नाहीच. बॉचकोने शहर नेहमी पोलीस ठाण्याच्या खिडकीतून पाहिलं. रस्त्याच्या पलीकडून ते पाहायला डेव्हिड सायमनची ‘द वायर’ यावी लागली. मजा अशी, की या दोन घरांना जोडणारा माणूस बॉचकोकडचाच होता. कृष्णवर्णीय लेखकांबद्दल मिल्च जाहीरपणे जे बोलला त्यावर पत्रकार डेव्हिड मिल्सने त्याला खरमरीत पत्र पाठवलं. मिल्चने त्याला नोकरीवर घेतलं. तोच मिल्स पुढे सायमनबरोबर ‘द कॉर्नर’ आणि ‘द वायर’मध्ये लिहीत होता.

१९९५ ची ‘मर्डर वन’ काळाच्या फार आधी आली. अख्ख्या पर्वात एकच खटला. समोर ‘इआर’सारखी तुफान लोकप्रिय मालिका, आणि एक गुरुवार चुकला की प्रेक्षकाला मागचं बघायची सोय नाही. आज तीच मालिका एका शनिवार-रविवारात फस्त झाली असती.

नंतरच्या बॉचकोची घसरण हा केवळ प्रतिभा आटण्याचा प्रश्न नव्हता. वाहिन्यांनी दाखवायच्या मालिकांची मालकी घेऊ नये असा नियम अमेरिकेत १९७० पासून होता. एमटीएमसारख्या स्वतंत्र कंपन्या त्याच्या आडोशाने वाढल्या. तो १९९३ मध्ये सैल झाला आणि १९९५ मध्ये संपला. त्यानंतर मालक, प्रक्षेपक आणि निर्माता एकाच छपराखाली आले. बॉचकोच्या ‘सिटी ऑफ एंजल्स’ने २००० मध्ये बहुतांश कृष्णवर्णीय कलावंत घेऊन रुग्णालयाची गोष्ट सांगितली; दोन छोट्या पर्वांत ती संपली. इराक युद्ध चालू असतानाच त्या युद्धावर केलेली ‘ओव्हर देअर’ एका पर्वापुढे गेली नाही. २०१८ च्या १ एप्रिलला ल्युकेमियाने तो गेला.

मराठी मालिकांकडे या अंगाने पाहिलं तर चित्र फार वेगळं आहे. आपल्या श्रेयनामावलीत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असतात. आठवड्याला सहा भाग, एपिसोडची बँक कायम रिकामी, आणि गुरुवारी टीआरपी आला की ट्रॅक फिरवायचा निरोप वाहिनीकडून. संवादलेखक सेटवर पानं पाठवत असतो. नट कोण घ्यायचा आणि प्रसंग कसा कापायचा यात त्याचं मत क्वचितच विचारलं जातं. आपल्याकडे लेखक कमी पडतात अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पण तिशीतला मिल्च अशा नामावलीतला तिसरा म्हणून लागला असता तर त्याचं काय झालं असतं, हेही विचारायला हवं. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने भारतीय लेखकांना मानधनापलीकडे रॉयल्टीचा हक्क दिला, पण निर्णयाचा अधिकार कायद्याने येत नाही.

अमेरिकेतही तो आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. स्ट्रीमिंग कंपन्यांनी आठ-दहा भागांची पर्वं आणली आणि त्याबरोबर मोजक्या लेखकांच्या ‘मिनी रूम’. चित्रीकरण सुरू व्हायच्या आतच लेखकांना निरोप मिळतो, त्यामुळे सेट आणि संकलन न पाहिलेली एक पिढी तयार झाली. २०२३ मध्ये २ मेपासून लेखकांचा संप १४८ दिवस चालला, तो इतर मागण्यांबरोबर यासाठीही. करारात आकडे घालून घ्यावे लागले: तेरा किंवा त्याहून जास्त भागांच्या मालिकेला किमान सहा लेखक, त्यातले तिघे निर्मात्याच्या दर्जाचे. एकच लेखक सगळे भाग लिहिणार असेल तर सूट. ‘हिल स्ट्रीट’च्या बहुतेक पर्वांना बावीसच्या आसपास भाग असायचे आणि लेखकांची खोली भरलेली असायची; ती भरलेली ठेवा असं कुणाला करारात लिहावं लागलं नव्हतं.