नगराभ्यासाची भाषा : नामपल्लीच्या निमित्ताने

हैदराबादेत दरवर्षी एक जानेवारीस नामपल्लीच्या मैदानावर जे प्रदर्शन सुरू होते, त्यास शहरातला लहानथोर ‘नुमाईश’ म्हणूनच ओळखतो. काश्मिरी शाली, लखनौचे भरतकाम, खुर्जाची भांडी, पाळणे आणि खाद्यपदार्थ यांसाठी तेथे जी गर्दी लोटते तिला या नुमाईशीचा उगम ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु तो उगम मोठा विलक्षण आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या काही पदवीधरांच्या मनात आपल्या राज्याची आर्थिक पाहणी करावी असे आले. पाहणीला पैसा हवा. तो उभा करण्यासाठी त्यांनी १९३८ साली बाग-ए-आममध्ये देशी मालाचे एक लहानसे प्रदर्शन भरविले. दुकाने जेमतेम शंभराच्या आसपास होती. १९४६ साली हे प्रदर्शन बागेतून आजच्या विस्तीर्ण मैदानावर आले आणि वाढतच गेले. त्याच्या उत्पन्नातून कमला नेहरू तंत्रनिकेतन, सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय यांसारख्या संस्था उभ्या राहिल्या. हे कार्य मोठेच होय. तथापि ज्या पाहणीसाठी हा सारा खटाटोप आरंभिला, तिचे नाव आज नुमाईशीत कोणी काढीत नाही. संशोधनासाठी बाजार मांडावा आणि लोकांच्या स्मरणात बाजार तेवढा राहावा, ही घटना नगरजीवनाच्या स्वतंत्र अभ्यासाचा विचार करू लागलेल्या कोणासही अंतर्मुख करणारी आहे.

‘स्वतंत्र’ हा शब्द अलीकडे या संदर्भात फार वापरला जातो. दिल्लीतील विकसनशील समाज अध्ययन केंद्रात या शतकाच्या आरंभी ‘सराय’ नावाचा उपक्रम सुरू झाला आणि पदवीच्या अथवा नोकरीच्या बंधनात नसलेल्या अनेक व्यक्तींना शहरावर संशोधन करण्यासाठी तेथून शिष्यवृत्त्या मिळाल्या. मुंबईत ‘पुकार’ या संस्थेने वस्त्यांतील तरुणांनाच आपापल्या परिसराचे संशोधक बनविण्याचा प्रयत्न केला. या प्रयत्नांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्यांची चर्चा बहुधा पैसा कोठून आला आणि विद्यापीठाचा अंकुश होता की नव्हता, येथेच थांबते. साहित्याच्या अभ्यासकाने याहून वेगळा प्रश्न विचारावयास हवा. ज्या माणसांविषयी हे लेखन झाले, त्यांस ते वाचता येते काय? वाचून ‘हे असे नव्हते’ म्हणण्याची सोय त्यांस आहे काय? आमच्या मते नगराभ्यासाच्या स्वातंत्र्याची खरी कसोटी येथे लागते. विद्यापीठापासून मुक्त असलेला संशोधकही, वर्ण्य माणसाच्या तपासणीपासून मुक्त झाला, तर त्याचे स्वातंत्र्य एकतर्फी ठरते.

मराठीपुरते पाहिल्यास ही कसोटी नवी नाही. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहर वाढत होते, त्या वेळी मूळचा गोमंतकातला हा शिक्षक रस्ते, तळी, बंदर, देवळे, बाजार, जाती, सण आणि व्यापार यांची नोंद करीत हिंडत होता. त्यास कोणत्याही विद्यापीठाची पदवी मिळवावयाची नव्हती. इंग्रजी अमलाविषयीचा त्याचा भक्तिभाव आजच्या वाचकास खटकतो, आणि खटकलाच पाहिजे. मजूर व हमाल हे त्याच्या पानांवर गर्दी म्हणून येतात. त्यांतला एखादा स्वतः बोलतो आहे असे क्वचितच घडते. असे असूनही या ग्रंथाची योग्यता टिकून आहे. याचे एक कारण असे की, माडगांवकरांनी ज्यांचे वर्णन केले त्यांच्यातल्या साक्षरांसाठीच ते मराठीत लिहिले. काळबादेवीच्या दुकानदाराने ते उघडून आपल्या गल्लीची नोंद चुकीची असल्याचे सांगावे, हे शक्य होते. लेखकाच्या मनावर त्या शक्यतेचा धाक असावा, असे त्याच्या तपशिलाच्या काटेकोरपणावरून वाटते. न. र. फाटक यांनी १९६१ साली या ग्रंथाची नवी आवृत्ती संपादित केली आणि या शतकात मुरली रंगनाथन यांनी तो इंग्रजीत नेला. आधी मराठी, मग इंग्रजी हा येथील क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

भाषा एक असली म्हणजे कसोटी आपोआप उतरते, असे मात्र कोणी समजू नये. चार्ल्स बूथ हा जहाजांचा व्यापारी. त्याने बहुतांशी स्वतःच्या पैशाने लंडनच्या दारिद्र्याची पाहणी केली. तिची अखेरची आवृत्ती १९०२-०३ मध्ये सतरा खंडांत निघाली. त्याच्या नकाशात रस्त्यारस्त्याला रंग दिले होते आणि सर्वांत खालच्या थरासाठी काळा रंग राखून ठेवला होता. काळ्या रंगाच्या गल्लीत राहणारा माणूस इंग्रजीच बोलत होता. पण आपली गल्ली काळी का, हे विचारण्यास सतरा खंडांत जागा नव्हती. भाषा ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे.

आमच्याकडे खेड्यांच्या बाबतीत असे लेखन झाले. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा, ना. गो. चापेकर यांचे बदलापूर १९३३ चे. एक महसूल खात्यातला अधिकारी, दुसरे न्यायखात्यातले. दोघांनाही कोणी संशोधनाची जागा दिली नव्हती. मात्र शहरातील एखाद्या पेठेचा, वाडीचा वा बाजाराचा त्या तोलाचा अभ्यास मराठीत दुर्मिळ राहिला. शहराचे चित्रण आम्ही कथा-कादंबरीवर सोपवून मोकळे झालो.

ही उणीव भरून काढणाऱ्या कामांत मीना मेनन व नीरा आडारकर यांच्या गिरणगावावरील मौखिक इतिहासाचा अग्रक्रमाने उल्लेख करावयास हवा. एक कार्यकर्त्या, दुसऱ्या वास्तुविशारद. दोघींनी गिरणी कामगार, त्यांच्या बायका, शाहीर, खाणावळ चालविणाऱ्या स्त्रिया आणि पुढारी यांच्या मुलाखती घेऊन १९८२ च्या संपापर्यंतचे व त्यानंतरचे गिरणगाव उभे केले. संपात अडीच लाखांच्या घरात कामगार होते, ही संख्या सर्वांच्या परिचयाची आहे. पण चाळीच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांनी एकमेकांशी कसा व्यवहार ठेवला, गावाकडे पैसे कसे धाडले, भजनमंडळ आणि लाल बावटा एकाच आळीत कसे नांदले, हे संख्येतून कळत नाही. या ग्रंथाचे सामर्थ्य येथे आहे. आमचा आक्षेप त्याच्या गुणवत्तेवर नाही. त्याच्या प्रवासावर आहे. २००४ साली तो इंग्रजीत प्रथम निघाला. मराठी वाचकास तो त्यानंतर मिळाला. कोकण आणि घाट यांच्या बोलींत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या साक्षी इंग्रजीची नदी ओलांडून पुन्हा मराठीच्या काठाला लागल्या. याचा दोष लेखिकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. असा ग्रंथ आधी मराठीत निघावा यासाठी जे पाठबळ लागते ते आमच्या साहित्यसंस्थांनी देऊ केले होते काय, हा प्रश्न आम्ही आमच्याच घराकडे वळवितो.

क्रम उलटा असला म्हणजे काय साधते, हे हैदराबादेतच दिसून आले आहे. ‘स्त्री शक्ती संघटना’ या येथील स्त्रियांच्या गटाने तेलंगणच्या सशस्त्र लढ्यात भाग घेतलेल्या स्त्रियांच्या कहाण्या त्यांच्याकडून ऐकून घेतल्या आणि त्यांचे पुस्तक १९८६ साली प्रथम तेलुगुत काढले. इंग्रजी पुस्तक १९८९ चे. ज्या स्त्रियांनी सांगितले त्यांच्या घरात ते आधी पोहोचण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. दिल्लीतही ‘सराय’ व ‘अंकुर’ यांनी २००१ पासून वस्त्यांतील मुलामुलींना लिहिते केले. त्या लेखनातून २००७ साली ‘बहुरूपिया शहर’ हे हिंदी पुस्तक सिद्ध झाले. यमुनेच्या काठची नांगला माची ही वस्ती २००६ साली पाडली गेली. तिचे पाडले जाणे या पुस्तकात तेथल्याच रहिवाशांच्या शब्दांत आले आहे. त्यांत आकडेवारी जवळजवळ नाही, कोठे कोठे भाषा अलंकाराकडे झुकते आणि सगळेच लेखक सारख्या ताकदीचे नाहीत. एखाद्या समाजशास्त्रज्ञास यात ‘पद्धती’ सापडणार नाही. परंतु पाणी भरण्याच्या रांगेत पहाटे काय बोलले जाते, पाहणी करणारा सरकारी माणूस दाराशी आला की घरातले कोणते कागद बाहेर निघतात, हे लिहिण्यास जी जवळीक लागते ती बाहेरून येणाऱ्याजवळ नसते. वर्णन करणारा आणि ज्याचे वर्णन होते तो, यांतले अंतरच येथे नाहीसे झाले आहे.

आता नामपल्ली. सिकंदराबादचे स्थानक १८७४ चे. नामपल्लीचे १९०७ चे. वाडीमार्गे मुंबईकडे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांमुळे अनेक मराठी माणसांना हैदराबादचे पहिले दर्शन याच स्थानकावर झाले. मनमाडच्या मार्गाने मराठवाड्यातून येणारी माणसे काचीगुड्यास उतरत. हा भेदही एखाद्या अभ्यासकाने धुंडाळण्याजोगा आहे. स्थानकाजवळ प्रवाशांसाठी निजामकाळात उभारलेली सराई, थोड्या अंतरावर यूसुफैन दर्गा, सरोजिनी नायडूंच्या वडिलांचे ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ हे घर, जेथे १९७४ साली स्थापन झालेल्या हैदराबाद विद्यापीठाचा प्रारंभ झाला. बाग-ए-आम आणि तीतले वस्तुसंग्रहालय. एवढ्या लहान परिघात इतक्या प्रकारची माणसे रोज एकमेकांस धक्का देत जातात, अशी ठिकाणे फार नाहीत.

हैदराबादवर लेखन झाले नाही असे नव्हे. नरेंद्र लूथर यांनी सनदी नोकरी सांभाळून शहराचा इतिहास लिहिला. कॅरेन लिओनार्ड यांचा येथील कायस्थांवरील अभ्यासग्रंथ १९७८ चा. हे ग्रंथ इंग्रजीत आहेत आणि त्यांचे मोल वादातीत आहे. उस्मानियाच्या पदवीधरांकडे वळलो तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. १९१८ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून देऊन इंग्रजीची सक्ती मोडली, हा त्याचा गौरव होय. पण ज्या राज्याची पाहणी करावयाची, त्यातील सुमारे निम्मी प्रजा तेलुगु बोलणारी, पाव हिस्सा मराठी आणि काही कन्नड. उर्दूतून शिकलेला पदवीधर परभणीच्या शेतकऱ्याकडे गेला असता त्याची वही आणि त्या शेतकऱ्याची जीभ यांत पुन्हा अंतर पडलेच असते. सेतुमाधवराव पगडींसारखा निजामाच्या सेवेतला मराठी माणूस गोंडी आणि कोलामी शिकला आणि त्या भाषांवर लिहिता झाला, ते हे अंतर ओळखूनच.

घरात मराठी, शाळेत उर्दू आणि बाजारात दखनी अशा तिहेरी व्यवहारात वाढलेली हैदराबादची मराठी पिढी आता संपत आली आहे. १९४८ साली जो अठरा वर्षांचा होता, त्याने नव्वदी केव्हाच ओलांडली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि येथे राहिलेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास कोणाच्याच प्रांतिक इतिहासात नीट बसेनासा झाला. महाराष्ट्रास ती दूरची, तेलंगणास ती परभाषिक. या माणसांच्या साक्षी घेण्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षकांजवळ विद्यार्थी आहेत, विद्यार्थ्यांच्या घरी आजीआजोबा आहेत, आणि बोलणे नोंदविण्याचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. नियम मात्र एक पाळावा. जे उतरविले ते सांगणाऱ्यास वाचून दाखवावे, आणि त्याने केलेली दुरुस्ती खोडून न टाकता मूळ वाक्याच्या शेजारी ठेवावी.

अडचण उरते ती लिपीची आणि शुद्धलेखनाची, आणि तिला आम्ही क्षुल्लक मानीत नाही. नामपल्लीच्या बाजारात जी दखनी ऐकू येते तिच्यात मराठीने आपले ठसे केव्हाच उमटविले आहेत. ‘मैंच’, ‘वैसाइच’ यांतला ‘च’ आमचा. नकारासाठी तेथे जो शब्द सर्रास चालतो तोही आमचाच ‘नको’, फक्त ‘क’वर जोर देऊन उच्चारलेला. मराठी संपादकाच्या हाती अशी मुलाखत आली की त्याची लेखणी सवयीने ‘नक्को’चे ‘नको’ करते. त्या एका जोडाक्षरात बोलणाऱ्याचे सारे शहर असते. ते घालविले तर नामपल्लीची साक्ष सदाशिव पेठेत घेतल्यासारखी वाचली जाईल, आणि सांगणारा ती ऐकून म्हणेल, ‘मैं ऐसा नइं बोला.’