जमा आहे, नावे नाही

मराठीत समीक्षक व्हायला काय लागते, मला ठाऊक नाही. मी बी.कॉम. आहे, तेही दुसऱ्या खेपेचा, आणि गेली वीस वर्षे एका बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांच्या सह्या जुळवतो. माझ्याकडे अभिप्रायासाठी कवितासंग्रह कोणी पाठवत नाही. पण एका वाङ्मयप्रकारात माझा व्यासंग दांडगा आहे. तो म्हणजे चौकातला फ्लेक्स. त्यावर आजवर कोणी जाणत्याने लिहिले नाही, म्हणून मी लिहितो.

माझ्या अभ्यासाला खरी चालना मिळाली ती काशीदच्या सहलीत. आम्ही म्हणजे मी, सौ., चिरंजीव आणि साडूंची गाडी. (साडू गाडीबरोबरच मिळतात.) अलिबाग सोडले, रेवदंडा गेले, कोर्लई गेले. साडू उजवीकडचा समुद्र दाखवत होते आणि मी डावीकडचे फलक वाचत होतो. समुद्र काय, परत येतानाही तिथेच असतो. फलक वाढदिवसागणिक बदलतात.

आता रचनेविषयी. वर पोस्टाच्या तिकिटाएवढे राष्ट्रीय नेते, मध्ये पूर्णाकृती नायक, हात जोडलेला किंवा मोबाइल कानाला लावलेला. खाली लग्नपत्रिकेतल्या 'आमच्या काकांच्या लग्नाला यायचं हं' या थाटात वॉर्डातली पोरेटोरे. कथानक ठरलेले : 'अथक पाठपुराव्यामुळे रस्ता मंजूर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. रस्ता झाल्याबद्दल नव्हे, मंजूर झाल्याबद्दल. आमच्याकडे कर्ज मंजूर झाले म्हणून पेढे वाटणारे लोक हप्त्याच्या वेळी फोन उचलत नाहीत, त्यामुळे 'मंजूर' या शब्दाचे मोल मी जाणतो. पुढच्याच वळणावर त्याच रस्त्याबद्दल दुसऱ्या पक्षाचे अभिनंदन असते. रस्ता एक, जनक दोन, आणि डांबर अजून पिंपात.

शैली ओघवती आहे, हे मान्य. पण वाणिज्य शाखेच्या माणसाला एक दोष लगेच खटकतो. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या एका ख्रिस्ती साधूने जमाखर्चाची रीत पुस्तकात छापून ठेवली : एका बाजूला जमा केले की दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी नावे पडलेच पाहिजे. आमचा वेद एवढाच. फ्लेक्सवर सगळी जमेचीच बाजू. नावे शंभर छापलेली, पण 'नावे' काही टाकायची वेळ आली की पान कोरे. असा ताळेबंद घेऊन मी साहेबांपुढे गेलो असतो तर चहाही न देता परत पाठवला असता.

या वाङ्मयात रौद्र रसही आहे. १८ जानेवारी २०२५ ला पालकमंत्र्यांची यादी निघाली आणि रायगड अदिती तटकरे यांच्याकडे गेले. भरत गोगावले यांच्या समर्थकांनी महाडला मुंबई-गोवा महामार्ग अडवून टायर पेटवले. दुसऱ्या दिवशी नाशिकच्या आणि रायगडच्या नेमणुकीला स्थगिती आली, आणि पुढे कित्येक महिने जिल्ह्याला पालकच नव्हता. दोन्ही बाजू एकाच सरकारातल्या, बरं का! जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे असते, म्हणजे तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला, हा प्रश्न. ते मी समजू शकतो. पण महामार्ग कोणता निवडला पाहा. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे सुरूच राहिले तो. त्या रस्त्यावर टायर संपवायला जाळावे लागत नाहीत, नुसते फिरवले तरी पुरते.

मग ती नावेची बाजू जाते कुठे? ते मला काउंटरवरून दिसते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडक्या बहिणींचे पैसे जमा व्हायला लागले. बाहेर फलकांवर प्रत्येक पक्षाचा भाऊ वेगळा होता, आत भाऊ एकटा मी. एका बाईंचे पैसे आधार जोडलेल्या कुठल्या जुन्या खात्यात गेले होते, ते शोधायला दोन तास गेले. दुसरीच्या तीन हजारांतून आमच्या संगणकाने किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापून घेतला होता. ती माझ्यावर ओरडली. "भावानं दिलं आन् तुम्ही खाल्लं!" रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी 'सिस्टीम आहे ताई' असे म्हटले. ते खरे होते आणि अगदी लाज वाटण्यासारखेही होते. तिने तक्रारवही मागितली. वही माझ्याच खणात होती. मी ती दिली, पेनही दिले. तिने तीन ओळी लिहिल्या. त्या वर्षात वाचलेल्या मराठी गद्यात इतके नेमके मी काही वाचले नाही.

कंडक्टर, पोस्टातला माणूस, वायरमन, तलाठ्याचा मदतनीस, आम्ही सगळे एकाच खात्याचे. कोणाच्या नावे टाकायचे ते कळत नाही ती रक्कम ज्यात ढकलतात त्या सस्पेन्स अकाउंटचे.

काशीद जवळ आले तसा पूल लागला. इथला जुना पूल जुलै २०२१ च्या पावसात कोसळला आणि मोटारसायकलवरून जाणारा एक माणूस गेला. त्याच्या पाच वर्षे आधी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी गाड्यांसकट वाहून गेला होता. तिथला नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला, त्याचे उद्‌घाटन झाले. ते काम चांगलेच झाले. मी साडूंना गाडी हळू घ्यायला सांगितली आणि दोन्ही बाजूंचे फलक वाचले. वाढदिवस होता, निवड होती, दहीहंडी होती. पडलेल्या पुलाचा पाठपुरावा कोणी केला नव्हता, यावर काही नव्हते.

"काय शोधताय?" सौ. म्हणाली.

"काही नाही, एक नोंद राहिलीय."

"सुट्टीतही बँक!"

निसर्ग वादळात आडवे न झालेल्या सुरूंच्या सावलीत एका टपरीवर आम्ही सरबत घेतले. सौ.ने नेहमीप्रमाणे पाच मिनिटांत टपरीवालीची मुलेबाळे विचारून घेतली आणि बदल्यात माझी नोकरी सांगून टाकली. बाईने ग्लास विसळायचे थांबवले. आत गेली, प्लॅस्टिकच्या पिशवीतून पासबुक घेऊन आली.

"तुम्ही बँकेवाले ना? मग दोन महिन्यांचं का नाय आलं ते सांगा बघू."

बँक आमची नव्हती. तसे मी म्हणणार होतो. साडू समुद्राकडे बघू लागले. मी चष्मा लावला आणि पासबुक हातात घेतले.