पोटातले ओठांवर : ‘पिकू’च्या निमित्ताने

आपल्या मराठीने पोटाकडे बरेच काही सांभाळायला दिले आहे. चूक पोटात घालायची, विश्वासाने सांगितलेले पोटात ठेवायचे, आणि पोटदुखी म्हणजे तर दुसऱ्याचे बरे न पाहवणे! खुद्द पोटाच्या नित्यकर्माला मात्र आपण चारचौघांत उच्चारता येईल असा सरळ शब्द ठेवलेला नाही. ‘शौच’ म्हणजे मुळात शुद्धी. ‘परसाकडे’ ही तर नुसती दिशा. अशा भाषेत वाढलेल्या मंडळींनी शूजित सरकार यांचा ‘पिकू’ (२०१५) हा हिंदी चित्रपट पाहून खळखळून हसावे, यात नवल नाही. प्रदर्शनाला दशक उलटल्यावर तो पुन्हा पाहताना मात्र त्या हसण्याविषयीच काही लिहावेसे वाटले.

सत्तरीचे भास्कर बॅनर्जी आपल्या अविवाहित मुलीसह दिल्लीच्या चित्तरंजन पार्कात राहतात. वडिलोपार्जित घर कोलकात्यात आहे. परप्रांतात स्थिरावलेल्या, तरी मूळ घराचा जीव न सुटलेल्या कुटुंबाचे हे चित्र आम्हा माळव्यातल्या मराठी घरांना परके वाटत नाही. भास्करबाबूंना बद्धकोष्ठाने पछाडले आहे. जेवणाच्या टेबलापासून मुलीच्या कार्यालयापर्यंत त्याच एका विषयाची चर्चा चालते, आणि दिल्ली ते कोलकाता या मोटारप्रवासात टपावर कमोडची खुर्चीही बांधलेली असते. या चित्रपटासाठी अमिताभ बच्चन यांना अभिनयाचा, तर जुही चतुर्वेदी यांना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्ही सन्मान यथार्थच होते. जो विषय हिंदी पडद्यावर गावठी विनोदापलीकडे कधी गेला नव्हता, तो या पटकथेने सुशिक्षित घराच्या बैठकीत आणून बसवला. दीपिका पदुकोण यांच्या पिकूची चिडचिड, तिचा थकवा आणि त्यामागची माया यांतून दुखणाईताइतकेच शुश्रूषा करणाऱ्याचेही आयुष्य दिसते. हे श्रेय लहान नव्हे.

तथापि भास्करबाबूंचे घराणे जुने आहे. ज्या मोलिएरला हरिभाऊ आपट्यांनी ‘मारून मुटकून वैद्यबोवा’ या रूपाने मराठीत आणले, त्याचे अखेरचे नाटक १६७३ सालचे. त्याचा नायक आर्गां हा काल्पनिक रोगी पडदा उघडताच औषधविक्रेत्याची बिले मांडून बसतो, आणि त्यांत बस्तींचाच हिशेब मोठा! ही भूमिका करणारा मोलिएर स्वतः मात्र छातीच्या विकाराने खरोखरच जर्जर होता. चौथ्या प्रयोगात तो कोसळला आणि त्याच रात्री वारला. रंगभूमीवर पोटाचे दुखणे हास्यास्पद आणि मनाचे खेळ ठरले, पडद्यामागे छातीचे दुखणे शोकांत ठरले. साहित्यानेही पुढे हीच वाटणी चालवली. क्षयाने ग्रासलेल्या नायिकेला कादंबरीने सौंदर्य दिले, संगीतिकेने गाणी दिली. सुझन सोंटॅग यांनी १९७८ साली आजारांच्या रूपकांविषयी लिहिताना क्षयाचे हे वलय उलगडले, आणि कर्करोगाच्या लांच्छनामागे, तो ज्या अवयवांना होतो त्यांच्या उच्चाराचा संकोचही आहे, हे दाखवून दिले. आतड्याच्या वाट्याला वलय तर नाहीच. आले ते हसू किंवा मौन.

याची किंमत कोण मोजतो, हे मला आमच्याच घरात कळले. माझ्या पुतणीला विसाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस जडला. या विकारात आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात, रक्त आणि आव पडते, दिवसातून अनेकदा धावावे लागते. तो संसर्गजन्य नाही. बहुधा तारुण्यातच सुरू होतो, औषधांनी आटोक्यात राहतो, शमतो आणि पुन्हा उफाळतो. सोबत मात्र जन्मभर करतो. घरातल्या एका लग्नात ती पंगतीच्या कडेला, दाराजवळ बसली आणि दहीभातावर थांबली, तेव्हा बायकांनी विचारलेच. वहिनी चटकन म्हणाल्या, “पित्त आहे तिला.” पित्त हा आपल्याकडचा सभ्य आजार, त्याने स्थळ परत जात नाही. आग्रह करणाऱ्यांनी जिलेबी वाढली ती वाढलीच.

‘पिकू’ आम्ही दोघांनी मिळून पाहिला. ती पोट धरधरून हसली. संपल्यावर म्हणाली, “काका, भास्करबाबूंना होत नाही म्हणून सगळं घर जागं. मला दिवसातून बारा वेळा व्हायचं, तेव्हा घराला कळू नये म्हणून मी नळ सोडून बसायचे.”

चित्रपटाचे बळ आणि मर्यादा या एका वाक्यात आली. भास्करबाबू मोकळेपणाने बोलू शकतात, कारण ते वृद्ध आहेत, पुरुष आहेत, घराचे कर्ते आहेत, आणि त्यांचा आजार पुष्कळसा मनाचा आहे. तरुण मुलीने हेच संवाद म्हटले असते, तर प्रेक्षागृह हसले असते काय? शेवटही पाहावा. कोलकात्यात सायकलवरून फिरून, कचोरी-जिलेबी खाऊन भास्करबाबूंचे पोट एकदाचे मोकळे होते आणि त्यांना झोपेतच शांत मरण येते. कथेला हा शेवट शोभतो. जुनाट आजाराला मात्र असा अखेरचा अंक नसतो; तिथे उद्या पुन्हा नोकरी असते, प्रवास असतो, आणि प्रवासात प्रसाधनगृह कुठे मिळेल ही विवंचना असते.

यात दोष पटकथेचा नाही. तिने दार उघडले, तेवढे तिचे काम. त्या दारातून दुसरे पात्र आत आणणारी कथा, निदान माझ्या वाचनात तरी, अजून मराठीत आलेली नाही. आतड्याच्या क्षयाशी क्रोन्सच्या विकाराचे इतके साम्य असते की निदानात आपल्याकडे तज्ज्ञांचीही फसगत होते. त्यात रोग्यानेच लाजून लक्षणे लपवली, तर हातचा वेळ जातो. म्हणून हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. आपल्या मंडळाच्या कथास्पर्धेत दरवर्षी हृदयविकाराने आणि कर्करोगाने बरीच पात्रे दगावतात. एखाद्या लेखिकेने औषध घेऊन जगणाऱ्या, पंगतीत दाराजवळ बसणाऱ्या मुलीची कथा लिहावी, आणि त्यात तिच्या आईला ‘पित्त’ म्हणू देऊ नये.